रोजगाराच्या धोरणाची संसदेत खरोखर छाननी होते का?

कोरडवाहू (धागाकर्ता)

२७ जुलै २०२२ रोजी लोकसभेत एक लेखी उत्तर आलं. २०१४-१५ ते २०२१-२२ या आठ वर्षांत केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठी २२ कोटी ५ लाख अर्ज आले आणि त्यातून नेमणुकीसाठी शिफारस झाली ७ लाख २२ हजार उमेदवारांची. हजार अर्जांमागे तीन-साडेतीन. दोन दिवस बातम्या झाल्या आणि विषय मिटला. लेखी उत्तरावर सभागृहात उपप्रश्न विचारता येत नाही. त्यामुळे 'इतके अर्ज येतात याचा अर्थ सरकार काय लावतं?' हे कुणी मंत्र्यांना उभं करून विचारलंच नाही.

माझं म्हणणं असं की रोजगाराच्या बाबतीत संसद आकडा मागते, आकडा मिळतो आणि काम तिथंच थांबतं. खरी छाननी स्थायी समितीत, म्हणजे सर्व पक्षांच्या खासदारांच्या विषयवार समितीत, होऊ शकते, पण तिथपर्यंत विषय जातच नाही. १४ व्या लोकसभेत सुमारे ६० टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती, १५ व्या लोकसभेत ७१ टक्के. १७ व्या लोकसभेत हे प्रमाण १६ टक्क्यांवर आलं.

ग्रामीण रोजगार हमीचंच बघा. २००४ च्या डिसेंबरात विधेयक मांडलं गेलं आणि ग्रामविकासाच्या स्थायी समितीकडे गेलं. समितीचे अध्यक्ष होते विरोधी पक्षाचे कल्याणसिंह. मूळ मसुद्यात हमी फक्त गरीब कुटुंबांपुरती होती. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर काम नाही, असा त्याचा अर्थ. ऑगस्ट २००५ मध्ये संसदेनं कायदा मंजूर केला तेव्हा ती अट गेली होती, मागेल त्या ग्रामीण कुटुंबाला काम असं त्याचं रूप झालं होतं. त्या आठ महिन्यांनी किती घरांना आधार दिला याचा विचार करा.

त्या कायद्याच्या जागी आता नवा कायदा आला आहे. १६ डिसेंबर २०२५ ला विधेयक मांडलं, १८ ला लोकसभेत मंजूर आणि त्याच रात्री उशिरा राज्यसभेतही. कामाचे दिवस १०० वरून १२५ झाले, हे चांगलंच आहे. पण बहुतेक राज्यांना आता ४० टक्के खर्च उचलायचा आहे आणि शेतीच्या हंगामात ६० दिवसांपर्यंत कामं बंद ठेवता येणार आहेत. राज्याकडे पैसे नसले तर हमीचं काय, हे राज्यांच्या अर्थसचिवांना बोलावून विचारायला हवं होतं. विरोधकांनी समितीची मागणी केली, ती मानली गेली नाही.

रोजगाराशी संबंधित प्रत्येक विधेयक समितीकडे जाणं सक्तीचं असावं, असं माझं मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

---

स्पष्टवक्ता

पूर्ण असहमत. लोकसभेत त्या विधेयकावर मध्यरात्र उलटेपर्यंत चर्चा झाली. ती छाननी नाही का? सदस्य बोलले, मंत्र्यांनी उत्तर दिलं, मतदान झालं. बहुमत ज्याचं त्याचं धोरण, लोकशाही अशीच चालते.

समित्यांचं एवढं कौतुक करण्याआधी कामगार कायद्यांचा इतिहास बघा. दुसऱ्या राष्ट्रीय कामगार आयोगाचा अहवाल २००२ चा. त्यात कायदे एकत्र करा असं सांगितलं होतं. असे एकत्र केलेले कायदे, म्हणजे कामगार संहिता, मंजूर झाल्या २०१९ आणि २०२० मध्ये, अमलात आल्या २१ नोव्हेंबर २०२५ ला. तेवीस वर्षं! इतक्या काळात कारखाने कुठल्या कुठे गेले. आणि समितीकडे गेलं की कामगाराचं भलं होतं हाही गैरसमज आहे. औद्योगिक संबंध संहिता समितीकडे गेली होतीच. कामगार कपातीसाठी सरकारी परवानगी लागण्याची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर न्या, असं समितीनंच सुचवलं.

रोजगार उद्योग देतात. तीनशे समित्या नेमल्या तरी एक जागा वाढत नाही.

---

कोरडवाहू

@स्पष्टवक्ता, तुमचं उदाहरण चांगलं आहे, पण ते पुरतं सांगायला हवं.

समितीनं ३०० चा आकडा सुचवला, खरं आहे. सोबत हेही म्हटलं की हा आकडा कायद्यातच लिहा, सरकारला नुसत्या अधिसूचनेनं बदलता येईल असं ठेवू नका. पुढे काय झालं? जुनी विधेयकं मागे घेतली गेली, १९ सप्टेंबर २०२० ला नवी मांडली गेली. २२ ला लोकसभा, २३ ला राज्यसभा. विरोधकांचा बहिष्कार होता, म्हणजे विरोधी बाकं रिकामी. तीन संहिता एकाच चर्चेत उरकल्या. आणि मंजूर मजकुरात काय आहे? ३०० 'किंवा सरकार अधिसूचनेनं ठरवेल ती त्याहून मोठी संख्या'. मालकांना हवं ते समितीकडून उचललं आणि कामगाराचं संरक्षण करणारी ओळ गाळली. उद्या एखाद्या राज्यानं हा आकडा हजारावर नेला तर विधानसभेत मतदान घ्यावं लागणार नाही. ही एक ओळ कोट्यवधी लोकांच्या नोकरीवर परिणाम करणारी आहे आणि तिच्यावर सभागृहात धड वाद झाला नाही, याचा मला मनापासून राग येतो.

दिरंगाईबद्दल म्हणाल तर २०२० ला मंजूर झालेला कायदा २०२५ पर्यंत पडून होता. त्यातला एक दिवसही संसदेनं खाल्लेला नाही.

---

अभ्यासिका_७

मी स्पर्धा परीक्षा देतो. तुम्ही दोघं वरच्या पातळीवर बोलताय, आमच्या पातळीवरचं सांगतो.

ते २२ कोटींचं उत्तर आमच्या अभ्यासिकेत कुणीतरी छापून भिंतीवर लावलं होतं. आमच्या मनात पहिला प्रश्न आला तो रिकाम्या जागांचा. १ मार्च २०२१ ला केंद्राच्या मंजूर ४० लाख ३५ हजार पदांपैकी ९ लाख ७९ हजार रिकामी होती, हेही संसदेतल्या उत्तरातूनच कळलं. म्हणजे चारातली एक खुर्ची रिकामी. जून २०२२ मध्ये दीड वर्षात दहा लाख भरतीची घोषणा झाली, ऑक्टोबरपासून रोजगार मेळावे सुरू झाले, नियुक्तीपत्रं वाटली गेली. ज्यांना मिळाली त्यांच्या घरी दिवाळी झाली, त्याबद्दल आनंदच आहे.

पण खासदार कधी हे विचारत नाहीत की जाहिरात कोणत्या तारखेला आली, पूर्वपरीक्षा कधी, मुख्य कधी, निकाल कधी आणि माणूस रुजू कधी झाला. एकेका भरतीची अशी तारीखवार यादी मागा. वय निघून जातं आमचं. माझ्या शेजारी बसणारा मुलगा निकाल लागेपर्यंत वयोमर्यादेच्या बाहेर गेला, पुढची जाहिरात त्याच्यासाठी उरलीच नाही. हे कोणत्याच टक्केवारीत येत नाही.

---

आकडेमोड

टक्केवारीचा विषय निघालाच आहे तर माझेही दोन मुद्दे.

२०२३-२४ च्या श्रमबल सर्वेक्षणात बेरोजगारीचा दर ३.२ टक्के आहे. सत्ताधारी बाकावरून हा आकडा येतो आणि चर्चा संपते. पण त्याच अहवालात १५ ते २९ वयोगटातला दर १०.२ टक्के आहे. काम करणाऱ्यांपैकी ५८ टक्क्यांहून जास्त लोक स्वयंरोजगारात आहेत आणि त्यात घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी राबणाऱ्या बायकाही धरल्या आहेत. त्यांना काम आहे, हातात पैसा नाही. म्हणून सभागृहात 'किती जणांना काम' याच्या जोडीला 'किती कमाई आणि लेखी करार आहे का' हे विचारायला हवं.

दुसरं, आकडे वेळेवर हवेत. २०१७-१८ चा ६.१ टक्क्यांचा अहवाल अडवून ठेवल्याचं सांगत राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी जानेवारी २०१९ मध्ये राजीनामे दिले. अहवाल अधिकृतपणे आला ३१ मे रोजी, लोकसभा निवडणूक उरकल्यावर. हातात कागदच नसेल तर खासदार जाब कशाच्या आधारावर विचारणार?

---

स्पष्टवक्ता

@आकडेमोड, २०२५ पासून हे आकडे दर महिन्याला येतात, हेही लिहा. आणि रोजगाराची व्याख्या कुणी कालपरवा बदललेली नाही. आठवड्यात तासभर काम केलं तरी रोजगारात धरायचं हा जगभरचा निकष आहे.

मूळ मुद्द्याकडे येतो. लोकसभेच्या प्रश्नोत्तराच्या तासासाठी रोज वीस तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी तोंडी उत्तर द्यायचे प्रश्न, यादीत असतात. गोंधळामुळे किती दिवशी त्यातले चार-पाचसुद्धा होत नाहीत, हे थेट प्रक्षेपणात कुणीही बघू शकतं. मार्च २०२३ मध्ये तर सुमारे ४५ लाख कोटींचा अर्थसंकल्प लोकसभेनं काही मिनिटांत चर्चेविना मंजूर केला. रोजगाराचा पैसा त्यातच होता ना? त्या गोंधळात दोन्ही बाजू होत्या. हाताशी असलेली आयुधं वापरायची नाहीत आणि समितीची सक्ती मागायची, हे मला पटत नाही. समितीच्या शिफारशी बंधनकारक नसतात, मंत्री तिथं साक्षीला येत नाहीत, अधिकारी येतात. वर दरवर्षी समिती नव्यानं बनते. विषय समजेपर्यंत सदस्य बदललेला!

---

मस्टर

मी रोजगार हमीच्या कामांवर बरीच वर्षं आहे. महाराष्ट्रातला अनुभव सांगतो, कारण ही योजना मुळात आपली. वि. स. पागे यांची कल्पना, १९७२ च्या दुष्काळात तिनं माणसं जगवली, १९७७ मध्ये कायदा झाला. तिच्यासाठीच १९७५ मध्ये व्यवसाय कर आला, शहरातल्या पगारदारानं खेड्यातल्या मजुराची हमी भरली. आणि विधिमंडळाची स्वतंत्र रोजगार हमी योजना समिती आहे, जी जिल्ह्याजिल्ह्यात फिरते.

ती समिती कामावर येते तेव्हा काय होतं ते मी बघितलं आहे. एका तालुक्याला आमदारांनी बांधावरच हजेरीपट मागितला. मस्टरवरची नावं मोठ्यानं वाचायला लावली. काही नावांना 'हजर' म्हणणारं तिथं कुणी नव्हतं. एक म्हातारी पुढं आली, म्हणाली माझं नाव आहे पण दिवाळीपासून पैसे नाहीत. अधिकाऱ्यांना तिथंच उभं राहून सांगावं लागलं की पैसे कुठं अडकले. बाईंची थकलेली मजुरी त्यानंतर निघाली. हेच गाऱ्हाणं तिनं अर्जातून मांडलं असतं तर ते फायलीत राहिलं असतं.

दौऱ्याची खबर आधी लागते, चांगलीच कामं दाखवली जातात, हेही आहेच. पण @स्पष्टवक्ता, समितीनं एक जागा वाढत नाही म्हणालात, तिनं बुडालेली मजुरी मिळते. संसदेच्या समितीनंही कामाच्या ठिकाणी यावं. दिल्लीत बसून अधिकाऱ्यांची साक्ष घेतली की कागद नीट दिसतो.

---

चौकट

धागाकर्त्यांनी लेखी उत्तराला फार कमी लेखलं आहे, म्हणून लिहितो.

सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास रद्द होता, लेखी उत्तरं तेवढी चालू होती. १४ तारखेला लोकसभेत विचारलं गेलं की टाळेबंदीत गावी परतताना किती स्थलांतरित मजूर मेले. कामगार मंत्रालयाचं उत्तर: अशी माहिती ठेवलेली नाही. परतलेल्यांचा आकडा मात्र दिला, एक कोटी चार लाखांहून जास्त.

सरकारनं काय मोजलं नाही, हे सरकारच्याच सहीनं नोंदलं गेलं. तोंडी प्रश्नात मंत्री भाषण करून वेळ काढू शकले असते. लेखी उत्तरात तसं करता आलं नाही.

---

कोरडवाहू

@चौकट, हे पटलं. लेखी उत्तराची ताकद आहे, पण पुढचं पाऊल कुणी टाकत नाही. 'माहिती गोळा करत आहोत' असं उत्तर आलं तर ते आश्वासन धरलं जातं आणि तीन महिन्यांत पूर्ण व्हायला हवं. त्यासाठी आश्वासन समिती आहे. तिच्याकडे पाठपुरावा करणारे खासदार फार थोडे.

@मस्टर, तुमचा प्रतिसाद मी आमच्या खासदारांना पाठवणार आहे.

@स्पष्टवक्ता, सक्तीवर आपलं जमणार नाही. पण एक चालू विषय घ्या. पंतप्रधान विकसित भारत रोजगार योजना: ९९,४४६ कोटी रुपये, साडेतीन कोटी नोकऱ्यांचं उद्दिष्ट, १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ मधल्या नोकऱ्यांना लागू. पहिल्यांदा नोकरीला लागणाऱ्याला १५,००० रुपयांपर्यंत, मालकाला दर वाढीव कामगारामागे महिना ३,००० पर्यंत. मुदत संपेपर्यंत वाट न बघता आत्ताच विचारायला हवं: बारा महिन्यांनंतर त्याच जागी किती जण टिकले? मदत नसती तरी किती जागा भरल्याच असत्या, हे सरकार कसं तपासतंय? जिल्हावार यादी पटलावर ठेवणार का?

---

स्पष्टवक्ता

हे तिन्ही प्रश्न योग्य आहेत. मी सरकारचा समर्थक असूनही माझ्या खासदारांना पाठवतो, कारण एवढा पैसा खर्च होणार असेल तर तो कामगारापर्यंत गेला की नाही हे मलाही कळायला हवं. चौथा प्रश्न माझा: मालकाचा हप्ता थांबला की कामगाराचं काय झालं, याची नोंद कोण ठेवणार?

समितीच्या सक्तीला माझा विरोध कायम आहे.

---

अभ्यासिका_७

तारांकित म्हणूनच द्या. पंधरा दिवस आधी सूचना लागते आणि नंबर चिठ्ठीनं लागतो, म्हणून एकाच खासदारावर थांबू नका, जमतील तितक्यांना पाठवा. माझा तारीखवार यादीचा प्रश्नही सोबत जोडा, मजकूर संध्याकाळी इथंच टाकतो.