तुमच्या वेळचा बँड कुठला? (बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्यांनी लिहाच)

शहापूरकर
काल रात्री पाऊस, लाईट गेलेली. शेजारच्या पोरानं मोबाईलवर 'डूबा डूबा' लावलं आणि मी मध्ये 'हाल बंत नोड्री' (दूध आलं बघा) ऐकू यायची वाट बघत बसलो. आलंच नाही! मग लक्षात आलं, ते गाण्यात नाहीच, ते माझ्या कॅसेटमध्ये आहे.

१९९८ ला सिल्क रूट बँडचा 'डूबा डूबा'वाला 'बूंदें' अल्बम आला तेव्हा मी पीयूसीला (अकरावी-बारावी). गल्लीत केबल फक्त समोरच्या काकूंकडे. टेपरेकॉर्डर कडेवर घेऊन जायचं, टीव्हीच्या स्पीकरला चिकटवून ठेवायचा, गाणं लागलं की प्ले आणि लाल बटण एकदम दाबायचं. तीन संध्याकाळी जाऊन बसलो तेव्हा एकदाचं लागलं, आणि नेमका दूधवाला आला. काकू घरात कानडी, आमच्याशी मराठी. पुढं खडेबाजारातून विकतची कॅसेट घेतली, मोहित चौहानचा आवाज त्यात स्वच्छ येतो, पण मी ऐकत राहिलो ती दूधवाल्याच्या वेळची कॅसेटच. २०१० ला त्याला 'मसककली'साठी फिल्मफेअर मिळालं तेव्हा पेपरात फोटो बघून आपल्या गल्लीतला कोणतरी पुढं गेल्यासारखं वाटलं मला.

कॅसेट अजून आहे, लावायला टेप नाही. तुमचंही लिहा.

टिळकवाडीची लेक
युफोरिया!!! दुसरं नावच नाही. सीईटीच्या वर्षी रात्रंदिवस तेच, बाबा ओरडले की मी सांगायची अहो हा त्यांचा गायक पलाश सेन खराखुरा डॉक्टर आहे, दिल्लीला शिकलाय, तर बाबा म्हणाले त्यानं आधी परीक्षा दिली का आधी गाणं म्हटलं ते विचारून ये 😄 मेडिकल काय मिळालं नाही, फिजिओथेरपी केली, आणि आता खांदा धरलेल्या पेशंटकडून व्यायाम करून घेताना क्लिनिकमध्ये हळू आवाजात 'माएरी' असतंच. आणि 'कभी आना तू मेरी गली'च्या व्हिडिओत विद्या बालन आहे, तेव्हा कुणाला माहीत होती ती! बाकी नंतर, कुकर झाला

निपाणीचे आबा
मी बँड म्हणजे वरातीचा बँड समजून वाचायला लागलो. आता आलोय तर सांगतोच. आमच्याकडं दिवसभर तंबाखूच्या वखारीत राबणारी माणसं संध्याकाळी लाल कोट चढवायची, खांद्यावर सोनेरी झालर, पायात मात्र रोजच्याच चपला. त्यातला ट्रंपेटवाला माझा देव. प्रत्येक गाणं संपलं की भोंगा उलटा करून आतलं पाणी झटकायचा, खिशातल्या डबीतलं खोबरेल ओठाला लावायचा. वरच्या ओठावर मधोमध गोल वळ उठलेला कायमचा. मी सोळा वर्षांचा, ओळखीच्या नसलेल्या लग्नांच्या वरातीतसुद्धा त्याच्या मागनं चालायचो. एकदा म्हटलं मामा मला फुंकू द्या की. नुसती हवा. तो म्हणाला, "गाल फुगवू नको गा, ओठ थरथरव, माशी कशी करते तसं." तिसऱ्या का चौथ्या वरातीला एक सूर निघाला. एकच, पण निघाला, आणि त्यानं सगळ्यांना थांबवून तो परत काढायला लावला. डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेल्या बायका पण थांबल्या. आता डीजे आल्यापास्नं छातीत धडधडतंय फक्त.

टिळकवाडीची लेक
आबा 🙏 अंगावर काटा आला

अनगोळकर
आबा तुमची वखार कुठली, माझं आजोळ निपाणीच. आमच्या आजीच्या साडीला पण तंबाखूचा वास यायचा.

निपाणीचे आबा
अशोकनगरकडं. आजोबांचं आडनाव इथं नको, मेसेज करा.

कॅम्पातला
आमच्या सकाळी मराठा लाईट इन्फंट्रीच्या बँडनं उजाडायच्या, सेंटरमध्ये सराव चालायचा, आई म्हणायची ड्रम वाजला ऊठ. पण वेड लावलं बोनी एमनं. शेजारी गोव्याकडच्या आंटी, नाताळात त्यांच्याकडं दोदोल, नेवऱ्या आणि बोनी एम, डिसेंबरभर तेच. मी त्यातल्या बॉबी फॅरेलसारखा नाचायचो, घरच्या घरी बेलबॉटम शिवून घेतली होती. मग कुणीतरी सांगितलं रेकॉर्डवरचा तो जाड आवाज बॉबीचा नाहीच, त्यांचा निर्माता फ्रँक फारियन स्टुडिओत स्वतः गायचा. चार दिवस बोललो नाही कुणाशी. आंटी म्हणाल्या, "अरे नाचला तर तोच ना?" २०१० च्या डिसेंबरात बॉबी गेला, आंटी त्याआधीच गेलेल्या. सांगायला कोण नव्हतं.

शहापूरकर
कॅम्पातले, अगदी पोचलं. आमच्या काकू आहेत, हुबळीला मुलीकडं असतात.

खानापूर रोड
काम चाललंय म्हणून थोडक्यात. इंडियन ओशन. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलला माझा रूममेट विजापूरकडचा, त्याला मराठी येत नव्हतं मला कानडी धड येत नव्हतं, सीमाप्रश्नावरनं बाहेर बंद बिंद असला की आम्ही दोघं खोलीत उगाच गप्प, मेस पण बंद, शेंगदाणे खाऊन दिवस काढायचा. त्यानं २००० सालची 'कंदिसा' लावायला सुरुवात केली. ते शीर्षकगीत केरळच्या सीरियन ख्रिश्चनांच्या जुन्या प्रार्थनेवरचं, भाषा सीरियाक. त्याला पण एक शब्द कळत नव्हता मला पण नाही. दोघं मिळून मोठ्यानं म्हणायचो, खालच्या मजल्यावरची पोरं वर यायची बघायला. बँडमधला राहुल राम नर्मदेच्या आंदोलनात होता, 'मा रेवा' गाणं तिकडचंच, हे पण त्यानंच सांगितलं. असीम चक्रवर्ती तबला वाजवत गायचे, हे दोन्ही एकदम कसं जमतं यावर आमची रात्र जायची, रूममेट बादलीवर करून बघायचा, गायला लागला की हात चुकायचा. २५ डिसेंबर २००९ ला असीम गेले. नोकरी लागल्यापासून आमचं बोलणं तुटलं होतं, त्या रात्री त्याचा फोन आला, बेंगळुरूहून. हॅलो पण नाही, थेट "असीम होगबिट्रु." एवढं कानडी तोवर येत होतं.

टिळकवाडीची लेक
होगबिट्रु म्हणजे गेले ना? 😔 आता संपर्क आहे का?

खानापूर रोड
आहे की. पोरीच्या बारशाला सहकुटुंब आला होता, कुंदा घेऊन गेला दोन किलो.

अनगोळकर
शहापूरकर, माझ्याकडं टेप आहे, चालू. बेल्ट नवीन घातलाय. रविवारी घेऊन या, पण तीननंतर, सकाळी नळाला पाणी येतं आमच्यात. कॅसेट आधी पेन्सिलनं दोनदा पुढं-मागं फिरवून आणा, एवढी वर्षं पडून असली की फीत चिकटते, एकदम लावली तर तुटेल. आणि लावली की मोबाईलवर रेकॉर्ड करून हुबळीला पाठवा.