क्राफ्ला: भूकंपलहरींवरून वाफ आणि शिलारस वेगळे कसे ओळखायचे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
आइसलँडमधल्या क्राफ्ला ज्वालामुखीखालच्या भूऔष्णिक साठ्याचा अभ्यास करतेय आणि एका ठिकाणी अडले आहे.

१९७५ ते १९८४ या काळात तिथे उद्रेक होत होते. तेव्हा भूकंपाच्या एस-लहरी (आडव्या कंपनाच्या लहरी) कुठे विरतात हे पाहून शिलारसाची कोठी साधारण ३ किलोमीटरपासून खाली आहे, असा अंदाज बांधला गेला. एस-लहरी द्रवातून जात नाहीत, म्हणजे तर्क भक्कम. पण २००९ मध्ये आयडीडीपी-१ (आइसलँडच्या खोल खोदकाम प्रकल्पातली पहिली विहीर) खोदताना सुमारे २.१ किलोमीटरवरच रायोलाइटी (सिलिका जास्त असलेला) शिलारस लागला! लहानसा साठा लहरींच्या तरंगलांबीपुढे दिसतच नाही, असं मला वाटतं. बरोबर आहे का?

दुसरं, पी (दाबाच्या) आणि एस लहरींच्या वेगांचं गुणोत्तर वाफेने भरलेल्या खडकात घटतं, वितळलेल्या खडकात वाढतं. दोन्ही थर अगदी लागून असतील तर टोमोग्राफीत (लहरींच्या वेगांवरून काढलेल्या भूगर्भाच्या चित्रात) त्यांची सरासरीच हाती येणार ना? मग भर कशावर द्यावा: सूक्ष्म भूकंपांच्या जागा, परावर्तित लहरी, की जोडीला विद्युतरोधाची मोजणी?

तेल-वायूच्या सेस्मिक कामातला अनुभव असलेल्यांनीही जरूर सांगा.