बदलापुरात आता राहतं कोण? घर घेण्याआधी विचारतोय

डोंबिवलीचा_भाडेकरू: आम्ही दोघं आणि पाचवीतली मुलगी. बजेट बदलापूरच्या पुढे हलत नाही. एजंट म्हणतो, "सगळी फॅमिली पब्लिक आहे." सासरे म्हणतात, "तिथं आता आपलं कोण उरलंय?" दोघांचंही पटत नाही. जुन्यांपैकी कुणी नीट सांगेल का?

कात्रप_ते_ठाणे: सकाळच्या लोकलला या एकदा. कर्जतवरून येणारी भरूनच येते. सगळ्या जातीधर्माची माणसं एकाच दाराला लटकलेली दिसतील. बाकी गिरणीवाल्या काकांना विचारा.

बेलवली_गिरणी: आलो. वडिलांनी टाकलेली पिठाची गिरणी चालवतो. गल्ल्यावर बसून वस्ती कळते ती डब्यातून.

आधी तांदूळ यायचा. आगरी घरं भाकरीसाठी आणायची, भात स्वतःच्या शेतातला. १९८२ च्या कापडगिरण्यांच्या संपानंतर लालबाग-परळच्या खोल्या विकून लोक इकडे सरकू लागले, तसा गहू वाढला, उपवासाची भाजणी आली. घाटावरच्यांची ज्वारी-बाजरी आली. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूर लाखाच्या आत होतं, २०११ ला पावणेदोन लाखांच्या घरात. त्याच काळात मी दुसरी चक्की बसवली. आता एमआयडीसीतले यूपी-बिहारचे कामगार भाजलेले चणे आणतात, सत्तूसाठी. त्यावर लगेच गहू टाकला की पुढची बाई भांडते, म्हणून त्यांना दुपारी बोलावतो. माणसं चांगली आहेत, दळणाचे पैसे आधी काढतात.

सासऱ्यांना सांगा, माझ्या रांगेत अजून मराठीच जास्त ऐकू येते.

पैशाचं म्हणाल तर पगार वाढले, हप्ते त्याहून वाढले. मोठ्या कॉम्प्लेक्सांत पाकिटातला आटा नाहीतर घरघंटी, ते कशाला येतील? पण पूर्वी दहा किलोचा डबा आणणारी घरं आता तीन किलोची पिशवी आणतात. महिनाअखेरीस तर दोनच. उधारीची वही गेली, क्यूआर आला, "पगार झाला की टाकते" मात्र तसंच आहे.

मांजर्लीचा_पोरगा: काका, तांदूळ येईल कुठून? शेतावर बिल्डिंगी उभ्या आहेत. आजोबांनी विकलं, त्यात लग्नं झाली, गाडी आली, संपलं. चुलत्यांनी चाळ बांधली, ते आज भाड्यावर निवांत. एकाच घरातले दोघं, बघा. बदलापूरच्या जांभळाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, झाडं मात्र शोधायला लागतात.

आणि साहेब, शेजारी कोण ते नंतर बघा, आधी पूररेषा बघा. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीनं काय केलं ते इथल्या कुणालाही विचारा. २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ अडकली, तेव्हा पश्चिमेला नदीकाठी पुन्हा पाणी शिरलं. हेंद्रेपाड्याकडे कुणी फारच स्वस्तात तळमजला दाखवला, तर का स्वस्त ते कळलं ना?

डोंबिवलीचा_भाडेकरू: एजंटनं नेमका तळमजलाच दाखवलाय. नदी "लांब आहे" म्हणाला.

बेलवली_गिरणी: टोकन देऊ नका. रविवारी या. त्याच बिल्डिंगच्या वॉचमनला विचारू, २०१९ ला गाड्या कुठं लावल्या होत्या. दुपारनंतर या पण, सकाळी गर्दी असते.