प्रश्न विचारून नळाला पाणी येते का?
आमदारांनी खर्चाबद्दल सभागृहात विचारलेले प्रश्न केवळ बातमीपुरते असतात, हे अनेकदा ऐकू येणारे मत मला अर्धेच पटते. तारांकित प्रश्नाला मंत्र्यांना तोंडी उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. खरी कसोटी तिथे लागते. प्रश्न सैल असेल, तर ‘हे अंशतः खरे आहे’ आणि ‘प्रश्न उद्भवत नाही’ एवढ्यावर उत्तर संपते. (ही दोन वाक्ये बहुधा टंकलेखकाच्या बोटांनाच पाठ असावीत.)

आपल्या सोलापूरचेच पाहा. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत आपली निवड झाली; उजनी धरणाहून शहरापर्यंत जुन्या वाहिनीला समांतर अशी सुमारे ११० किलोमीटरची जलवाहिनी हाती घेतली गेली. तरीही आमच्या अंगणातले निळे पिंप अजून हलले नाही, आणि पाण्याच्या पाळीच्या रात्री नळ फुसफुसला की घरातले कोणीतरी उठतेच. म्हणून ‘किती निधी खर्च झाला’ यापेक्षा शहरांतर्गत वितरणवाहिन्या आणि टाक्या यांवर किती खर्च झाला, व त्यानंतर कोणत्या पेठेत पाणी किती दिवसांआड येते, असे नेमके विचारले गेले, तर उत्तर टाळणे अवघड जाईल.