म्हणे मण्यांचं कपाट रिकामं करा!

खडूधूळ (धागाकर्ती)
काल एका शिक्षक-गटावर पोस्ट वाचली: 'मणी, ठोकळे, दांड्या भंगारात द्या, प्राथमिकच्या वर्गाला आता स्क्रीन पुरे.' खाली दहा ॲपांची यादी. तिथे उत्तर लिहायला घेतलं, ते लांबलं, म्हणून हा धागा.

दुसरीचा वर्ग. ५२ वजा १७. पोरगं पाच दशक-दांड्या (एक दांडी म्हणजे दहा) आणि दोन सुटे मांडतं. दोनातून सात जात नाहीत. मग उठतं, एक दांडी डब्यात ठेवतं आणि दहा सुटे मोजून आणतं. हमखास नऊच आणतं, उत्तर चुकतं, परत जातं. ही जी येरझार आहे ना, तोच हातचा. स्क्रीनवर दांडीला बोट लावलं की आपोआप दहा तुकडे. हातचा ॲपने घेतला, पोराने नाही.

अपूर्णांकाचं तेच. कागदाची पट्टी तीन भागांत दुमडायला सांगा. एक भाग जाडा येतो आणि शेजारचा ओरडतो, 'हा एक तृतीयांश नाहीच!' स्क्रीनवर भाग कायम सारखेच, त्यामुळे 'समान' ही अट पोराला कधी भेटतच नाही.

यादीतली निम्मी ॲपं मीही वापरते. लिहिणाऱ्याने कपाट कधी उघडलंय का, एवढंच विचारायचंय.

रिकामा_तास
+१. शिवाय कपाट अपडेट मागत नाही. ब्राउझरमधले खेळ ज्यावर चालायचे ते फ्लॅश २०२० च्या अखेरीस बंद झालं, माझे जमवलेले सगळे खेळ गेले. जॅमबोर्डवर, म्हणजे गूगलच्या ऑनलाइन फळ्यावर, दोन वर्षांचं काम होतं, तेही २०२४ संपताना गेलं. मणी अजून आहेत.

गणितवेडा
आहेत, पण किती? माझ्या वर्गात मुलं ४०, दांड्यांचे संच ३, त्यातले सुटे निम्मे गायब. एकजण मांडतो, बाकीचे त्याच्या पाठीकडे बघतात. तुमची ती काव्यमय येरझार ४० जणांनी केली की तास संपतो, बाई.
आणि फ्लॅशचं रडगाणं पुरे. फेट या गणित-विज्ञानाच्या संकेतस्थळवाल्यांनी आपली कितीतरी सिम्युलेशन्स (पडद्यावरचे प्रयोग) फ्लॅश सोडून एचटीएमएलमध्ये नव्याने लिहून काढली. चांगलं साधन टिकतं. मी तर रोज शेवटची दहा मिनिटं कहूट घेतो (पडद्यावर प्रश्न, वेळेत उत्तराचा रंग दाबायचा, अशी प्रश्नमंजुषा), वर्ग नाचतो नुसता.

चौथी_ब
नाचतो तो अर्धा वर्ग. कहूटमध्ये बरोबर उत्तराला जास्तीत जास्त १००० गुण, पण शेवटच्या क्षणी दिलंत तर जवळपास निम्मेच. म्हणजे मोजता काय, गणित की बोटांचा वेग?

गणितवेडा
जीवनात वेग लागतोच.

चौथी_ब
आठ वर्षांच्या पोराला 'जीवनात' कशाला नेता? माझा मुलगा सावकाश विचार करतो. घरी पाढे बिनचूक. वर्गात प्रत्येक प्रश्नानंतर पडद्यावर पहिल्या पाचांची नावं, हा कधीच नाही. महिनाभराने म्हणाला, 'मी आता वाचतच नाही, पहिला रंग दाबतो.' अंदाजाने का होईना, लवकर तरी होतं ना!

गणितवेडा
एका मुलावरून अख्खं साधन मोडीत काढायचं? मग तोंडी पाढे विचारणंही बंद करा, तिथेही हात वर करणारे तेच पाच असतात. आमच्या वेळी चुकलं की उभं करायचे, तेव्हा कुणाला वेग खुपला नाही.

रिकामा_तास
खुपला होता. तेव्हा कुणी विचारलं नाही. मी उभा राहिलेल्यांतला.

चौथी_ब
हेच! आणि सर, तुमच्या वर्गात शेवटून पाच कोण येतात, ते तरी तुम्हाला माहीत आहे का?

गणितवेडा
कहूटच्या अहवालात येतं सगळं. वैयक्तिक होऊ नका.

खडूधूळ
अहो, धागा मण्यांचा होता! असो. सर, अहवाल उघडता हे ऐकून आनंद झाला, पुष्कळजण उघडत नाहीत. प्रश्नाला शून्य गुण ठेवायची सोय कहूटमध्येच आहे. स्पर्धा जाते, अहवाल राहतो.

गणितवेडा
ठेवून बघितलं आज. पोरं म्हणाली, 'सर, खेळ बिघडलाय.' पण नेहमी गप्प बसणाऱ्या दोघींची दहापैकी नऊ बरोबर निघाली. घ्या, जिंकलात. दांड्यांबद्दल मात्र माझं मत तेच.

खडूधूळ
दांड्यांवर मीही अर्धं पाऊल मागे येते. माझ्या वर्गात एका मुलीची बोटं नीट वळत नाहीत. सुटे उचलताना सांडतात, मग रडू येतं. टॅबलेटवर ती स्वतः वजाबाकी करते. पण दहा तुकडे झाले की मी थांबवते आणि एकेक मोजायला लावते. ॲपवर अर्धाच विश्वास.

रिकामा_तास
४० मुलं आणि मोबाईल एकच असेल तर प्लिकर्स बघा. मुलांच्या हातात छापील कार्ड, कोणती बाजू वर धरली त्यावरून उत्तर, आपण मोबाईल फिरवायचा. शेजाऱ्याला कॉपी करता येत नाही, कारण प्रत्येकाचं कार्ड वेगळं.

चौथी_ब
हे पटलं. कुणाचं नाव पडद्यावर नाही ना?

रिकामा_तास
पडदा लावलाच नाही तर कुठून येणार! फक्त कार्डांना चकचकीत लॅमिनेशन करू नका. उजेड परावर्तित होतो, कॅमेरा वाचत नाही. माझी सगळी पुन्हा छापावी लागली.

गणितवेडा
माझी कालच चकचकीत करून आली. आधी सांगायला काय झालं होतं?