हॉस्पिटलमधून आल्यावर वडिलांच्या बीपीच्या गोळ्या एकाच्या तीन झाल्या, हे कसं ठरवतात?

सातपूरकर:
नमस्कार मंडळी. वडील वय 71, एमआयडीसीतून रिटायर. गेली आठेक वर्षं फॅमिली डॉक्टरांची अमलोडिपिन 5 ची एकच गोळी चालू होती आणि बीपी 140 च्या आसपास, कोणाला काही टेन्शन नाही. मागच्या आठवड्यात हर्नियाचं ऑपरेशन झालं (हॉस्पिटलचं नाव नको, माणसं चांगली होती). अॅडमिट केल्या केल्या बीपी 178/100, मग फिजिशियन आले, दोन मिनिटं बघून कागदावर काहीतरी लिहून गेले. ऑपरेशननंतरही 170, 165 असंच चालू. चौथ्या दिवशी डिस्चार्ज आणि कार्डावर बीपीच्याच दोन नवीन गोळ्या, शिवाय दुखण्याची वेगळी. जुनी चालू ठेवायची की नाही ते कुठेच लिहिलेलं नाही, म्हणून आईने तीही डब्यात टाकली, "ती तर कायमचीच आहे" म्हणून.

आता घरी येऊन सहा दिवस झाले, काल सकाळी मोरीतून बाहेर येताना भिंत धरून उभे राहिले, डोळ्यापुढे अंधारी म्हणाले. मशीनवर 102/60. पुढची व्हिजिट अजून दहा दिवसांनी. दोन मिनिटांत हे लोक गोळ्या ठरवतात कसे आणि मी आता यातली एखादी बंद करू का?

गोदाकाठ:
सगळ्या बंद करा भो. माझे आजोबा रोज उपाशीपोटी लसणाच्या दोन पाकळ्या खायचे, 90 वर्षं जगले.

मेडिकलवाला पंचवटी:
गोदाकाठ दादा, आजोबांना नमस्कार पण असले सल्ले नका देऊ, आठवड्यातून एखादं गिऱ्हाईक तरी असं सगळं बंद करून मग 200 घेऊन आमच्या काउंटरला येतं.

सातपूरकर, एक काम करा. तिन्ही स्ट्रिप्स उलट्या करा आणि मोठं नाव सोडून खाली बारीक अक्षरात लिहिलेलं वाचा. गोळीच्या नावामागे एएम असेल तर त्यात बहुतेक अमलोडिपिन असतं, एच असेल तर हायड्रोक्लोरोथायाझाइड, सीटी म्हणजे क्लोरथॅलिडोन, या दोन्ही लघवी वाढवणाऱ्या. मला डाउट आहे तुमची जुनी गोळी नव्या गोळीच्या आत परत आलीये. कंपनी वेगळी, रंग वेगळा, औषध तेच, त्यामुळे घरच्यांना दोन वेगळ्या गोळ्या वाटतात. हे आम्ही दर महिन्याला बघतो.

सातपूरकर:
दादा बरोबर निघालं. एकात टेल्मिसार्टन 40 आणि अमलोडिपिन 5, दुसरी क्लोरथॅलिडोन 12.5, आणि जुनी अमलोडिपिन 5. म्हणजे अमलोडिपिन डबल चाललंय सहा दिवस! दुखण्याची गोळी डायक्लोफेनॅक आहे, दिवसाला दोन.

सिन्नर रोडचा डॉक्टर:
आधी कामाचं. आजची जुनी अमलोडिपिन द्यायची राहिली असेल तर देऊ नका, डबल डोस कोणी मुद्दाम लिहिलेला नाही. बाकीचं इथे विचारून ठरवायचं नाही, दहा दिवस थांबू नका, उद्याच त्याच फिजिशियनच्या ओपीडीला जा आणि सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत घालून न्या. क्रिएटिनीन (किडनीची तपासणी), सोडियम, पोटॅशियम (रक्तातले क्षार) करायला सांगतीलच, नाही सांगितलं तर विचारा. टेल्मिसार्टन, लघवी वाढवणारी गोळी आणि डायक्लोफेनॅक हे त्रिकूट म्हाताऱ्या माणसाच्या किडनीला झेपत नाही, त्यात पाणी कमी पीत असतील तर विचारूच नका.

आता कसं ठरवतात ते. मी स्वतः रेसिडेन्सीत हेच केलंय म्हणून सांगतो. रात्री दोनला सिस्टरचा फोन येतो, "सर, 12 नंबरचं 180." पेशंट घाबरलेला, टाके दुखतायत, लघवी तुंबलीये, सलाइन चालू, शेजारचा रात्रभर खोकतोय, आणि ऑपरेशनसाठी उपाशी ठेवताना सकाळची बीपीची गोळीही चुकून राहिलेली. अशा वेळी 180 येणारच ना. आणि तुम्ही अॅडमिट झालात डिसेंबरात, निफाडकडे पारा उतरला की आमच्या नेहमीच्या पेशंटांचंही बीपी चढतं. पूर्वी अशा वेळी निफेडिपिनची कॅप्सूल टोचून जिभेखाली पिळायचे, धाडकन बीपी खाली यायचं आणि कधी त्यातच लकवा मारायचा, ते आता बंद झालंय. छातीत दुखणं, धाप, हातपाय लुळे पडणं, दिसेनासं होणं यातलं काही असेल तर गोष्ट वेगळी, मग आयसीयूत शिरेतून लॅबेटलॉल वगैरे, आणि तेही पहिल्या तासात साधारण पाव हिश्शापेक्षा जास्त उतरवायचं नाही असं बघत बघत. नुसता आकडा जास्त असेल तर आधी दुखणं बघायचं, लघवी बघायची, चुकलेली गोळी द्यायची, अर्ध्या तासाने परत मोजायचं. पण रात्री दोनला फाईलवर काहीतरी लिहावं लागतं, म्हणून गोळी वाढते. खरं बोलतोय.

गोळ्यांची निवड मात्र हवेतून नसते. आपल्याकडे सुरुवात बहुतेक वेळा अमलोडिपिनने, मग टेल्मिसार्टन, मग क्लोरथॅलिडोनसारखी. एकाच गोळीचा डोस दुप्पट केला तर बीपी थोडंच जास्त उतरतं आणि त्रास वाढतो, दोन वेगळ्या गोळ्या कमी डोसात दिल्या तर जास्त फायदा, म्हणून एकत्र गोळ्या लिहितात. डायबेटीस असून लघवीतून प्रोटीन जात असेल तर टेल्मिसार्टनच्या जातीची आधी, प्रेग्नन्सीत ती अजिबात नाही, अॅटॅक येऊन गेला असेल तर मेटोप्रोलॉलसारखी, आणि तीच दम्याच्या पेशंटला लिहिताना हात आखडता.

आणि घरच्यांच्या लक्षात येत नाही ते हे. अमलोडिपिन शरीरातून अर्धं उतरायलाच 30 ते 50 तास घेतं, पूर्ण असर दिसायला आठवडा लागतो. तिसऱ्या दिवशी वॉर्डात "अजून 165 च" म्हणून आणखी एक गोळी जोडली, तेव्हा आधीच्या गोळीचं काम अजून सुरूच व्हायचं होतं. घरी आल्यावर दुखणं गेलं, झोप लागली, आणि सगळ्या गोळ्या एकदमच लागू पडल्या. तुमच्या वडिलांचे 102 तिथून आलेत.

नाशिकरोडची मावशी:
आमच्या सासूबाईंचं सांगते, त्यांना रामिप्रिल लिहिलं होतं आणि तीन महिने कोरडा खोकला, एक्सरे झाला, टीबीची तपासणी झाली, दोन सिरपच्या बाटल्या संपल्या, शेवटी कुठल्यातरी तरुण डॉक्टरनी स्ट्रिप बघितली आणि म्हणाला आजी हा खोकला गोळीचाय, बदलली आणि थोड्याच दिवसात बंद. नंतर अमलोडिपिनने पाय सुजले तर एकाने सूज उतरवायची गोळी दिली, म्हणजे गोळीच्या त्रासावर गोळी. रोज चपला घट्ट होतात म्हणून त्या रडायच्या. डोस अर्धा केला तर सूज गेली.

कॉलेज रोड:
डॉक्टरसाहेब गोळी सकाळी बरी का रात्री? आमचे एक नातेवाईक म्हणतात रात्रीच घ्यायची.

सिन्नर रोडचा डॉक्टर:
इंग्लंडमध्ये 21 हजारावर लोकांवर बघितलं, 2022 ला छापून आलं, सकाळ-रात्रीत अॅटॅक-लकव्याचा फरक पडला नाही. चुकणार नाही ती वेळ. फक्त लघवीवाली सकाळी, नाहीतर रात्रभर बाथरूम.

सातपूरकर:
अपडेट देतो. काल सकाळी गेलो, दोन तास बसलो पण डॉक्टरांनी नीट बघितलं. उभं करून बीपी घेतलं तर 94 आलं. जुनी अमलोडिपिन बंद, क्लोरथॅलिडोन बंद, डायक्लोफेनॅकऐवजी पॅरासिटामॉल. रिपोर्टमध्ये सोडियम कमी, 129, आणि क्रिएटिनीन वाढलेलं, 1.5, ऑपरेशनआधी 1.1 होतं. पाणी नीट प्या आणि आठवड्याने परत तपासा म्हणाले. जुनी गोळी बंद करायचं कार्डावर लिहायचं राहिलं हे त्यांनी स्वतःहून मान्य केलं, त्यामुळे भांडायला गेलो होतो ते राहूनच गेलं. आज सकाळी 118/70, गरगरणं कमी आहे. आईने जुनी स्ट्रिप कात्रीने कापून टाकली आणि डब्याच्या झाकणावर मार्करने लिहिलंय "बीपी फक्त पिवळी". वडिलांचा एकच प्रश्न, मिसळ कधी.

मेडिकलवाला पंचवटी:
झाकणावर रंग नका लिहू, औषधाचं नाव लिहा. पुढच्या महिन्यात दुसऱ्या कंपनीची मिळाली तर ती पांढरी असेल.

सिन्नर रोडचा डॉक्टर:
हे मात्र खरंय. आणि मनगटावरचं मशीन असेल तर दंडावरचं घ्या, पाच मिनिटं बसून, चहा-तंबाखूनंतर लगेच नाही. सकाळ-संध्याकाळ आठवडाभर वहीत लिहून पुढच्या वेळी न्या, घरी 135/85 च्या खाली राहत असेल तर चांगलंय. मिसळ एखाद्या रविवारी, पापड-लोणचं सोडून. तर्री वडिलांनी वाढून घ्यायची नाही, आईने वाढायची.