फॉर्म मराठीत, मग मराठी अंक का चालत नाहीत?

टिळकवाडीकर:
परवा आमच्या मावशींना बेळगावजवळच्या खानापूर भागातल्या एका पतसंस्थेचा ऑनलाइन फॉर्म भरायला बसवलं. नाव, गाव, पत्ता, सगळं त्यांनी मराठीत लिहिलं. मोबाईल नंबरही त्याच कळफलकावरून टाकला, दहाच्या दहा अंक बरोबर. खाली लाल अक्षरांत आलं, 'नंबर चुकीचा आहे'. तीनदा डायरी काढून ताडून बघितला, मग म्हणाल्या, "माझंच कायतरी चुकतंय बघ." ऐकून वाईट वाटलं. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेत, लिहिलेलं ठरावीक नमुन्यात बसतं का ते तपासणाऱ्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, 'अंक' म्हणजे फक्त इंग्रजी शून्य ते नऊ. "१२३"ची संख्या करून मागितली तर 'नॅन' येतं, म्हणजे ही संख्याच नव्हे. आणि तोच ब्राउझर मराठी लोकेल, म्हणजे भाषा-प्रदेशाची निवड, दिलं की रक्कम १,२३,४५६ अशी दाखवतो! दाखवायला मराठी येते, वाचायला येत नाही. हे फॉर्म बनवणाऱ्यानेच सांभाळलं पाहिजे.

निपाणीचा डेव्हलपर:
दादा, कळकळ पटली, उपाय पटला नाही. संविधानाच्या ३४३ व्या कलमातही केंद्राच्या कामकाजासाठी अंकांचं आंतरराष्ट्रीय रूपच धरलंय. आधार, एटीएम, सगळीकडे तेच. रकान्याची 'इनपुटमोड' ही सेटिंग 'न्यूमेरिक' ठेवा, आकड्यांचा कीपॅड उघडतो. दोन लिप्यांतले अंक डेटाबेसमध्ये गेले तर एका माणसाची दोन खाती व्हायची.

टिळकवाडीकर:
आणि व्हॉट्सॲपवरून नंबर कॉपी करून चिकटवला तर कीपॅड काय करणार? डेटाबेसमध्ये मराठी अंक ठेवा असं मी म्हणतच नाही की हो. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीत, देवनागरीचे शून्य ते नऊ ओळीने बसवलेत, कन्नडचेही तसेच. अक्षराच्या क्रमांकातून त्या लिपीच्या शून्याचा क्रमांक वजा केला की आकडा मिळाला. तपासायच्या आधी बदलून घ्यायचं, साठवायचं एकाच रूपात. चार ओळींचं काम.

शहापूरची टेस्टर:
चार ओळी, पण जपून. कुठल्याही लिपीतला अंक चालेल असा पॅटर्न २०१८ च्या जावास्क्रिप्टपासून लिहिता येतो आणि घाईत तोच वापरला जातो. बंगालीतला चार इंग्रजी आठसारखा दिसतो. खाते क्रमांकात असा एक घुसला तर डोळ्यांना कळणारही नाही. आपल्याकडे मराठी, कन्नड, इंग्रजी एवढेच घ्या, बाकीचे सरळ नाकारा.

निपाणीचा डेव्हलपर:
हेच म्हणतोय! प्रत्येकाने आपापली चार ओळींची ठिगळं लावायची आणि प्रत्येकाने वेगळी चूक करायची. जावास्क्रिप्टच्या इंटलमध्ये, म्हणजे भाषेनुसार मांडणी करणाऱ्या भागात, आकडे दाखवायची सोय आहे, उलट वाचून घ्यायची नाही. ती मानकात यायला हवी, सगळ्या ब्राउझरांत एकदम. तोवर इंग्रजी अंकच मागावेत, आणि तसं रकान्यापाशी मराठीत स्पष्ट लिहावं.

टिळकवाडीकर:
मानकात आलं तर मलाही हवंच आहे. पण मावशींना फॉर्म या आठवड्यात भरायचाय. शहापूरच्या ताईंचं ऐकून तीनच लिप्या घेतो, आणि बदललेला नंबर रकान्याखाली मोठ्या अक्षरांत दाखवून 'हाच ना?' असं विचारतो. पतसंस्थेला तसा नमुना करून आजच पाठवतोय.